फळीवरून उतरवलेला क्रूस

लाँड्रीत तिला सगळे वाफबाई म्हणत. बॉयलर तिच्या ताब्यात होता. सकाळी सहाच्या ठोक्याला ती बर्नर पेटवायची, पाण्याची काच पुसून पातळी बघायची, प्रेशरचा काटा चढताना त्याच्याकडे डोळे लावून उभी राहायची आणि साडेसातला खालच्या मजल्यावर वाफ सोडायची. दोन इस्पितळांच्या आणि पाच हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे कोट तिच्या वाफेवर धुतले, वाळवले आणि कडक केले जात. बावीस वर्षं ती हे काम करत होती. तिच्याआधी तिचे वडील करायचे. त्यांनीच तिला शिकवलं होतं, "काटा खोटं बोलू शकतो, पाणी खोटं बोलत नाही. आधी काच बघ, मग काटा बघ, मग हात लाव."

तिला वाफबाई हे नाव ठेवलं होतं पिळ्याने. पिळ्या म्हणजे कपडे पिळायच्या मोठ्या यंत्रावरचा माणूस. दिवसभर कपडे पिळायचा आणि मधल्या वेळात माणसांना. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काळंबेरंही नव्हतं.

त्या वर्षी धुलाईखान्यात अपघात झाला. छताखालून जाणाऱ्या जुन्या नळाचा एक सांधा भर दुपारी फुटला आणि क्षणात सगळा धुलाईखाना पांढराफटक झाला. स्वतःचा हात दिसेना, नुसत्या किंकाळ्या. वरच्या मजल्यावर वाफबाईने काटा धाडकन खाली येताना पाहिला आणि काय झालं ते ओळखलं. बॉयलरचा मुख्य व्हॉल्व्ह तिने बंद केला, पण नळांत कोंडलेली वाफ अजून बाहेर पडतच होती, आणि तिला अडवणारा दुसरा व्हॉल्व्ह होता खाली, त्या पांढऱ्या ढगाच्या पोटात. तिने पाण्यात बुडवलेली एक चादर डोक्यावरून ओढली, भिंतीला पाठ घासत आत शिरली आणि तो फिरवला. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. पिळ्याची मान आणि पाठ भाजली होती, त्याला इस्पितळात न्यावं लागलं. बाकीचे थोडक्यात वाचले.

त्या सांध्याला घाम सुटल्यासारखं पाणी येतंय, असं वाफबाईने मुकादमाला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. मुकादमाने लिहून घेतलं होतं, आणि ते लिहिलेलंच राहिलं.

मालकीणबाई मात्र माणूस म्हणून सोनं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं त्यांनी एकटीने हा पसारा ओढला होता. अपघातानंतर त्यांनी लाँड्री दोन आठवडे बंद ठेवली, एकूण एक जुना नळ उपटून टाकला, नवे बसवले. पिळ्याच्या इस्पितळाचं सगळं स्वतः पाहिलं. वाफबाईच्या हाताच्या पट्ट्या सुटेपर्यंत तिची ने-आण करायला रोज स्वतःची गाडी पाठवली. असं कोण करतं?

पण नळ बदलले तरी माणसांच्या मनातली भीती बदलली नाही. लाँड्री पुन्हा सुरू झाली आणि जो तो काही ना काही घेऊन येऊ लागला. कुणी मूर्ती आणली, कुणी कापडात गुंडाळलेला दगड. कुणी घोड्याचा नाल दारावर ठोकला, तर कुणी वाईट नजर परतवणारा निळा काचेचा डोळा तिथेच टांगला. एकाने ग्रहांचा तक्ता चिकटवला, दुसऱ्याने आपल्या आजोबांचा फोटो. मग दारावर मधली जागा कुणाची, यावरून तू तू मी मी सुरू झालं. एके सकाळी धुलाईवाले आणि घडीवाले अक्षरशः एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

मालकीणबाईंनी त्यावर तोडगा काढला. धुलाईखान्याच्या समोरच्या भिंतीवर त्यांनी एक लांबच लांब फळी ठोकून घेतली आणि सगळ्यांना खाली बोलावलं.

"इथे कुणाचा देव मोठा नाही की कुणाचा लहान नाही," त्या म्हणाल्या. "सगळे एका फळीवर, एका रांगेत. रोज यंत्रं सुरू व्हायच्या आधी एकाने पाळीपाळीने दिवा लावायचा आणि सगळ्यांच्या वतीने सगळ्यांना नमस्कार करायचा. भांडण संपलं."

टाळ्या पडल्या. खरोखर मनापासून पडल्या. मग बाई वाफबाईकडे वळल्या आणि हसून म्हणाल्या, "आणि आमच्या वाफबाईने काहीच आणलं नाही, म्हणून मीच आणलंय."

फळीवर नाल आणि आजोबांचा फोटो यांच्या मधोमध एक क्रूस उभा होता. काळपट लाकडाचा, वीतभर उंचीचा, कडांना बारीक कोरीव काम. बाईंनी स्वतः जाऊन, शोधून आणलेला. सगळ्यांच्या माना वाफबाईकडे वळल्या. आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार, अशी सगळ्यांची खात्री.

पाणी आलं नाही. तिने क्रूसाकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

हे समजायला तिच्या बापाचं घर ठाऊक हवं. ती नऊ वर्षांची होईपर्यंत त्या घरात अशीच एक रांग होती. बापाच्या दोन्ही दंडांना दोरे, कमरेला ताईत, उंबऱ्याखाली पुरलेलं काहीतरी. एकाला खूश करावं तर दुसरा रुसेल. कामावर जाताना कुणी शिंकलं तर माघारी यायचं, मग उशीर झाला म्हणून घाबरायचं. इतरांचं कसं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, पण तिच्या बापासाठी ती रांग म्हणजे पहारेकऱ्यांची रांग होती. मग कुणा एका सोबत्याच्या नादाने तो येशूच्या मागे गेला, आणि एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरात बसून त्याने आईच्या कात्रीने एकेक दोरा कापला. शेवटचा दोरा पडला तेव्हा तो लहान मुलासारखा हसला. "आता एकाच दाराशी उभं राहायचं," तो म्हणाला. "कुठल्या दाराशी जाऊ म्हणून धावाधाव नाही." दुसऱ्याच दिवशी कामावर त्याचा हात भाजला. शेजारीपाजारी म्हणाले, बघ, बघ! बाप पट्टी बांधून तिसऱ्या दिवशी कामावर गेला, पण दोरा त्याने पुन्हा बांधला नाही.

तो एक देव वाफबाईला बापाकडून मिळाला होता. पुढे तो तिने स्वतः पारखून घेतला, पोरगी आजारी पडली तेव्हा, आई गेली तेव्हा. त्या देवाला आता एका नालाच्या शेजारी, 'तूही बस की' म्हणून बसवलं होतं.

पाळ्यांचा कागद लागला. तिची पाळी गुरुवारी होती. मंगळवारी ती वर बाईंच्या खोलीत गेली. बाईंनी नेहमीसारखा तिच्यासाठी चहा मागवला. बावीस वर्षांत त्या दोघींचे किती कप झाले असतील, त्याला गणती नाही.

"बाई, गुरुवारी माझ्याकडून दिवा लावला जाणार नाही," तिने सरळ सांगितलं. "आणि तो क्रूस तिथून काढावा, अशी विनंती आहे. चारचौघांत बोलायचं नव्हतं, म्हणून आधी तुमच्याकडे आले."

बाईंनी कप खाली ठेवला. "मी काय वाईट केलं गं?"

"वाईट काहीच नाही. तुमचं मन मला कळतं."

"मग? एक काडी ओढायची आहे फक्त. तू तर रोज सकाळी बॉयलरला आग लावतेस!"

"तेच म्हणते मी. आग लावणं माझं कामच आहे. मला काडीचं काही नाही. पण या फळीपुढे लावली की मी म्हणते, हे सगळे सारखे, माझाही त्यातलाच एक. ते मला म्हणता येणार नाही."

"बरं, दिवा नको लावू. क्रूस राहू दे. तुझं नाव त्या भिंतीवर असू दे."

"तेच नको आहे. येणारा-जाणारा म्हणेल, हिचाही देव रांगेत आहे. माझ्या तोंडून न निघालेली साक्ष माझ्या नावावर लागेल. बाकीच्यांचं बाकीचे बघतील, बाई. त्यांच्या एकाही वस्तूला मी बोट लावणार नाही. फक्त माझं तेवढं काढा."

बाईंचा आवाज चढला. "इतका मत्सरी आहे का तुझा देव? शेजारी कुणी बसलेलं चालत नाही त्याला?"

"हो," वाफबाई म्हणाली.

बाईंना वाटलं होतं ती नाही म्हणेल, सारवासारव करेल.

"हो, आहे. आणि तसाच हवाय मला," वाफबाई पुढे म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं. "तुमच्या साहेबांचा फोटो तुम्ही आणखी चार पुरुषांच्या रांगेत लावाल का? सगळे नवरे सारखेच, म्हणून?"

बाईंच्या मागच्या भिंतीवर साहेबांचा फोटो होता, एकटाच. बाई उठल्या आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "जा आता. गुरुवारी पाळी तुझी आहे."

दार ओढून घेताना वाफबाईला कळत होतं, आपण नको तिथे बोट ठेवलं. पण मागे वळून 'तसं नव्हतं म्हणायचं' असं म्हणायला तिची जीभ वळली नाही, कारण म्हणायचं अगदी तसंच होतं.

गुरुवारी सगळे फळीपुढे जमले. मुकादमाने काडेपेटी पुढे केली. बाई जिन्यावर उभ्या होत्या.

वाफबाईने काडेपेटी घेतली आणि ती शेजारच्या टेबलावर ठेवली. मग ती फळीजवळ गेली, नाल किंवा फोटो हलणार नाही अशा बेताने तिने क्रूस दोन्ही हातांनी उचलला. तिच्या हातांवरची नवी कातडी अजून गुलाबी होती.

"हा क्रूस बाईंनी आणला आहे, बाईंचाच आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण माझा देव एकच आहे. तो पहिला नाही, मधला नाही, शेवटचा नाही. एकच आहे. तुमच्यापैकी कुणाचा अपमान करायचा म्हणून मी हे करत नाही. ज्याला हात जोडायचेत त्याने जोडावे. माझे हात कुणापुढे जोडायचे ते मला ठरवू द्या."

आणि तिने जिना चढून तो क्रूस बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घेतला, पण त्यांचा चेहरा एखादीने थोबाडीत मारावी तसा झाला होता.

खाली एकच गलका उठला. "जागा दिली तर डोक्यावर बसली!" "आमचे देव तुला चालत नाहीत?" घडीवाल्यांपैकी एक म्हणाला, "हिच्या असल्या अढीमुळेच नळ फुटला असेल." ते ऐकून काहीजण गप्प झाले, कारण तो नळ कुणी बंद केला हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण कुणी बोललं मात्र नाही.

दुपारपर्यंत मुकादमाने क्रूस पुन्हा फळीवर आणून उभा केला, आणि या खेपेला खालून दोन स्क्रू पिळून पक्का बसवला. संध्याकाळी तो बॉयलरखान्यात आला. "बाईंचा निरोप आहे. उद्यापासून बॉयलर आपला दुरुस्तीचा मिस्त्री बघेल. तुम्ही मळक्या कपड्यांत." त्याने नजर वर केली नाही.

मळके कपडे म्हणजे तळघरातली खोली. इस्पितळातून आलेली गाठोडी तिथे सोडायची, रक्त-पू लागलेलं वेगळं, डागांचं वेगळं, साधं वेगळं. मधेच सुई निघते, कधी दातांची कवळी. नवं माणूस तिथे चार दिवस टिकत नसे. वाफबाई घरी गेली नाही, राजीनामाही दिला नाही. "काम दिलंय ना? करते," म्हणाली.

तिच्या दादाला ही बातमी वाऱ्यासारखी पोचली. दादा सोफे शिवायचा, आणि प्रार्थनामंदिरात पुढच्या बाकावर बसून सगळ्यांच्या वर आवाज लावून गायचा. रविवारी दुपारी तो तिच्या घरी आला. वाफबाईचा नवरा, बस चालवायचा, तो पलंगावर आडवा होऊन छताकडे बघत होता.

"अगं, देव मन बघतो," दादा म्हणाला. "वरवर एक काडी लावली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं? मनातून आपल्याच देवाचं नाव घ्यायचं. मी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना कितीतरी वेळा हो ला हो करतो. व्यवहार आहे."

"दादा, वहिनी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात हार घालून म्हणाली, मनात तुम्हीच होतात, तर चालेल तुला?"

"तुझं हे नवरा-बायकोचं फार झालं! त्यानेच बाई दुखावली ना?"

"त्याने दुखावली, खरं आहे. ते मी बोलायला नको होतं. पण दिवा लावायला हवा होता, असं मात्र तू म्हणू नकोस. आपल्या बाबांनी कापलेले दोरे तू आणि मी मिळून उचलले होते, आठवतंय?"

दादा घुटमळला. "दिवस बदललेत," एवढंच म्हणाला.

पलंगावरून नवरा बोलला. तो नावाला ख्रिस्ती. त्याचं म्हणणं, बसचा मार्ग प्रार्थनामंदिरावरून जातो तेवढी माझी हजेरी पुरे. "मेहुणे, पाणी घ्या आणि गाण्याचा सराव करा," तो म्हणाला. "तिचं काय ते ती बघेल. चोवीस वर्षं मी बघतोय, ही बाई रस्ता चुकली तरी वळत नाही, आणि इथे तर चुकलेलीही नाही." मग बायकोकडे बघून म्हणाला, "तळघरात वारा येत नाही. पंखा नेऊन देऊ का उद्या?"

तिला हसू आलं. त्या आठवड्यातलं ते पहिलंच.

पिळ्या अजून इस्पितळात होता. ती दर रविवारी त्याला भेटायला जायची, त्या रविवारीही गेली. तो पालथा झोपलेला असायचा आणि उशीत तोंड खुपसून बोलायचा. लाँड्रीतलं तिने त्याला काही सांगितलं नाही. निघताना ती त्याच्यासाठी डोळे मिटून प्रार्थना करायची.

"ताई, तू तुझ्या देवाला सांग," पिळ्या म्हणायचा, "माझ्याला मी सांगतो. पण दोघांना एकत्र मीटिंगला नको बोलावू. मीटिंगमध्ये कुणाचंच काम होत नाही."

तळघरात सहा आठवडे गेले. जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ कुणी बसत नव्हतं. बोलत होती ती एकच, कडकमावशी. मावशी कॉलरना इस्त्री करायची. कांजीचं पाणी नुसतं कपड्यांत नाही, तिच्या कण्यातही भरलेलं, असं पिळ्या म्हणायचा. उपासतापासांची बाई, तिची देवीची मूर्ती फळीवर पहिल्या दिवसापासून होती. एका दुपारी ती डबा घेऊन तळघरात उतरली आणि गाठोड्यावर बसली.

"तुझा राग येतो मला," ती म्हणाली.

"येऊ दे की."

"तू क्रूस खाली उतरवलास म्हणून नाही गं. मी माझी देवी नाही उतरवली म्हणून." मावशीने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "चाळीस वर्षं माझ्या देवीला मी आंघोळ केल्याशिवाय हात लावत नाही. आणि तिथे ती त्या निळ्या डोळ्याला खेटून बसलीय, कुणीही येतो आणि उष्ट्या हाताने सरकवतो. मला आवडतं असं वाटतं तुला? पण सगळ्यांचं चाललंय तर चालू दे म्हटलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझ्या."

"तुमचं तुम्ही ठरवा, मावशी. माझा देव आणि तुमची देवी, यात आपलं जन्मात जुळणार नाही."

"नाहीच जुळणार," मावशी ठामपणे म्हणाली. "तुझं चुकतंय असंच मी म्हणणार. पण ज्याला आपल्या देवाचं कसंही चालतं, त्याच्यापेक्षा तू मला परवडलीस." आणि तिने डब्यातलं अर्धं तिच्यापुढे ठेवलं.

सातव्या आठवड्यात पिळ्या कामावर परतला. मानेवर गुलाबी पट्टा, मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे. बाईंनी मुद्दाम त्या दिवशी दिव्याची पाळी त्याला दिली. त्याने दिवा लावला, सोबत्यांनी त्याच्यासाठी फळीवर ठेवलेल्या त्याच्या देवापुढे डोकं टेकवलं, बराच वेळ टेकवलं. मग उभा राहून म्हणाला, "वाफ कोण सोडतंय?"

"मिस्त्री."

"आणि ताई?"

कडकमावशीने बोट तळघराकडे केलं. पिळ्या खाली गेला. दारात उभं राहून त्याने तिला रक्ताळलेल्या चादरींच्या ढिगाशी वाकलेलं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पिळायला शब्द सापडला नाही. तसाच वर आला आणि धुलाईखान्याच्या पायरीवर बसला.

"मी त्या नळाखाली उभा राहणार नाही," तो म्हणाला.

"नळ नवे आहेत," मुकादम म्हणाला.

"नळ नवे आहेत, पण मी जुनाच आहे. मी आता नमस्कार केला तो खोटा नाही. मी आत पडलो होतो तेव्हा देवाचा धावा केला. त्याने कुणाला धाडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. ओली चादर डोक्यावर घेऊन आली होती ती. तिला तुम्ही घाणीत बसवलंत? तिचा देव तिच्यापाशी. वाफ तिने सोडली तर मी यंत्र सुरू करतो. नाहीतर बसलोय."

धुलाईवाले दोघं त्याच्या शेजारी येऊन बसले. मग आणखी एक. यंत्रं बंद, आणि इस्पितळाच्या गाड्या दारात.

तासाभराने मुकादम तळघरात आला. "चला वाफबाई. बॉयलर तुमचा. दिव्याची पाळी तुम्हाला नाही, बाई म्हणाल्या, कधीच नाही. क्रूस आहे तिथे राहील, तेवढंच. तुम्ही त्याच्याकडे बघूही नका."

तिने हातमोजे काढले. क्षणभर तिला बॉयलरखान्याची ऊब आठवली, आपला स्टूल, आपली काच. मग तिने हातमोजे पुन्हा चढवले.

"नाही," ती म्हणाली. "तो उतरला तर मी वर येते. नाहीतर इथे बरी आहे."

मुकादमाने कपाळावर हात मारला. पिळ्या स्वतः खाली आला. "ताई, अगं सगळं मिळालं! आता दोरी कशाला ताणतेस?"

"तूच म्हणतोस ना, दोघांना एकत्र मीटिंगला बोलावू नको? वर रोज सकाळी मीटिंगच भरते, पिळ्या. आणि माझ्या नावाने सही होते."

पिळ्या हसला, मान दुखली म्हणून विव्हळला, पुन्हा हसला. "तुझ्यासारखी हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही. बरं, मी यंत्र सुरू करतो. आजारी माणसांच्या चादरी आहेत. पण बाईंना मी रोज सांगणार."

"सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई स्वतः तळघरात उतरल्या. कित्येक वर्षांत त्या तिथे आल्या नव्हत्या. वासाने त्यांचा हात नाकाकडे गेला; मग त्यांनी तो खाली घेतला.

"मला तू अजून कळली नाहीस," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "आणि साहेबांबद्दल बोललीस ते मी विसरले नाही."

"त्याची माफी मागते, बाई. तुमच्या दुःखाला हात लावायचा मला हक्क नव्हता."

"म्हणजे बोलणं मागे घेतेस?"

"नाही. दुखावलं त्याची माफी मागते. बोलणं खरं होतं."

बाईंचा चेहरा कडवट झाला. "माफीही मागतेस आणि ताठही उभी राहतेस!" मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "साहेबांचा फोटो कुणी रांगेत लावला असता तर मी माझ्या हाताने उपटून काढला असता. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळतंय. पण नवरा आणि देव एक नव्हे."

"नाहीच. नवरा तर माणूसच असतो, बाई."

बाई जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर नाल आणि आजोबांचा फोटो यांच्या मधे रिकामी जागा होती आणि लाकडात स्क्रूंची दोन भोकं. मुकादमाने बॉयलरखान्याची किल्ली वाफबाईच्या हातात दिली. "क्रूस बाईंनी वर नेला," तो म्हणाला. "म्हणाल्या, मी आणला तो माझा, मला वाटेल तिथे ठेवीन." वाफबाई म्हणाली, "बरोबर आहे." तिने दार उघडलं, आधी काच पुसली.

सगळं गोडीगुलाबीने मिटलं, असं मात्र नाही. घडीवाल्यांतले तिघे तिच्याशी पुढे कधीच बोलले नाहीत. फळी राहिली, दिवा रोज लागत राहिला, आणि ती त्या वेळी वर काट्यापाशी उभी राहून आपल्या एकट्या देवाशी बोलत राहिली. कडकमावशीने एका संध्याकाळी आपली मूर्ती स्वच्छ पांढऱ्या कपड्यात गुंडाळून घरी नेली, कुणी विचारलं तर म्हणाली, "तिला इथे उकडतं." दादाने पुढच्या रविवारी प्रार्थनामंदिरात उभं राहून बहिणीची गोष्ट अशी काही रंगवून सांगितली की, ऐकणाऱ्याला वाटावं दादानेच तिला कंबर कसून उभं केलं. तिचा नवरा त्या दिवशी नेमका आला होता. तो मागच्या बाकावर खोकला.

मालकीणबाईंनी मात्र तिला पुन्हा कधी चहाला वर बोलावलं नाही. कामाचं बोलत, नीट बोलत, पण तो दुपारचा कप गेला तो गेलाच. वाफबाईला ते लागे. दुपारी चारला जिन्यावरून चहाचा ट्रे वर जाताना दिसला की तिचे हात क्षणभर थांबत. हे असं होणार हे आधी ठाऊक असतं तर आपण क्रूस तसाच राहू दिला असता का, असं तिने स्वतःला एकदोनदा विचारूनही पाहिलं. उत्तर प्रत्येक वेळी नाही असंच आलं, आणि तिने व्हॉल्व्ह फिरवला.